विदर्भातल्या घरी क्लाउनफिश आणि समुद्रपुष्प यांची जोडी जमवताना

मत्स्यालयात क्लाउनफिशला जगण्यासाठी समुद्रपुष्प लागत नाही, ही गोष्ट नवीन माणसाने सर्वांत आधी समजून घ्यावी. समुद्रात या माशाला शत्रूंपासून आडोसा हवा असतो आणि तो त्याला समुद्रपुष्पात मिळतो. काचेच्या टाकीत शत्रूच नसल्यामुळे तो एखाद्या दगडाच्या कपारीतही वर्षानुवर्षे सुखाने राहतो. समुद्रपुष्पाचे तसे नाही. दुकानदार ज्याला सरसकट ‘ॲनिमोन’ म्हणतात तो दिसायला फूल असला तरी प्राणी आहे. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, त्या शैवालाच्या जोरावर त्याचे बरेचसे पोषण होते, आणि पाण्याच्या क्षारतेत किंवा तापमानात झालेला चढउतार त्याला माशापेक्षा कितीतरी लवकर बाधतो. म्हणून जोडी जमवायची असेल, तर आधी समुद्रपुष्प तगेल अशी टाकी तयार करावी लागते. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी सहा वर्षांपासून अशी टाकी सांभाळत आहे. बाहेरची बहुतेक माहिती समुद्रकाठच्या किंवा वातानुकूलित घरांसाठी लिहिलेली असते. आपल्याकडे उन्हाळा, पाणी आणि वीज या तिन्ही गोष्टी निराळ्या असल्यामुळे या लेखात त्यांवरच अधिक लिहिले आहे.

कोणता मासा आणि कोणते समुद्रपुष्प

क्लाउनफिशच्या सुमारे तीस जाती आहेत आणि त्यांना आसरा देणारी समुद्रपुष्पे दहाच जातींची आहेत. कोणताही मासा कोणत्याही समुद्रपुष्पात राहील असे मात्र नाही. दुकानात ‘निमो’ या नावाने मिळणारा नारिंगी-पांढरा ऑसेलॅरिस आणि त्याच्यासारखाच दिसणारा पर्क्युला हे दोघे समुद्रात मॅग्निफिका किंवा मोठ्या गालिचा-समुद्रपुष्पांमध्ये राहतात. ही समुद्रपुष्पे नवीन माणसाने घेऊच नयेत, कारण त्यांना प्रखर प्रकाश व जोरदार प्रवाह लागतो, ती फार मोठी होतात, आणि गालिचा जातीची समुद्रपुष्पे टाकीतले इतर छोटे मासे धरून खातात. नवीन माणसाला झेपेल असे समुद्रपुष्प एकच, ते म्हणजे बबल टिप. त्याच्या बाहूंची टोके अनेकदा फुग्यासारखी फुगतात म्हणून त्याला हे नाव पडले आहे. ऑसेलॅरिसचा निसर्गातला हा यजमान नव्हे, तरीही टाकीत हा मासा बहुधा त्याला स्वीकारतो. समुद्रपुष्प हमखास स्वीकारणारा मासा हवा असेल, तर क्लार्की या जातीच्या क्लाउनफिशचा विचार करावा, कारण निसर्गात तो दहाही जातींमध्ये आढळतो. मात्र वाढल्यावर तो भांडखोर होतो. मरून क्लाउनफिश बबल टिपमध्येच राहणारा असला, तरी त्याची मादी इतकी आक्रमक असते की पहिल्या टाकीसाठी तो मी सुचवणार नाही.

मासा हॅचरीत जन्मलेलाच घ्यावा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजम येथे क्लाउनफिशच्या प्रजननाचे तंत्र विकसित केलेले आहे, आणि असे मासे आता बाजारात मिळतात. समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा ते टाकीला व तयार खाद्याला सरावलेले असतात. याच ठिकाणी कायद्याचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखा यांना आपल्या देशात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षण आहे. कोणी ‘शोभेसाठी’ म्हणून समुद्रातले प्रवाळाचे तुकडे देऊ केले, तर ते घेऊ नयेत. टाकीत कारखान्यात तयार केलेले सच्छिद्र दगड वापरावेत. कपारी त्यांतही उत्तम होतात.

पाणी

टाकी किमान दोनशे लिटरची असावी. लहान टाकी स्वस्त पडते, पण तिच्यात एक दिवसाचे बाष्पीभवनही क्षारता हलवते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ते परवडत नाही.

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यातील काही वाचकांना असे वाटू शकते की आपल्या विहिरीचे पाणी खारटच आहे, त्यात थोडे मीठ घातले की झाले. तसे होत नाही. समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांपैकी सुमारे ८५ टक्के सोडियम व क्लोराइड असते आणि उरलेल्या भागात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम ठरावीक प्रमाणात असतात. हे प्रमाण जगातल्या सगळ्या महासागरांत जवळजवळ सारखे आहे आणि समुद्रातले जीव त्याच प्रमाणाला घडलेले आहेत. पूर्णेच्या खोऱ्यातल्या विहिरींचे खारेपण निराळ्या घडणीचे आहे. लोणारच्या सरोवराचे पाणीही खारे आहे, पण ते इतके अल्कधर्मी आहे की त्यात समुद्री मासा तग धरणार नाही. त्याचप्रमाणे खडे मीठ किंवा खाण्याचे मीठ पाण्यात घालून समुद्राचे पाणी तयार होत नाही. मत्स्यालयासाठीच तयार केलेले सागरी मीठ घ्यावे आणि ते शुद्ध पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ते ३८ ग्रॅम या हिशोबाने मिसळावे. दोनशे लिटरच्या टाकीला पहिल्या भरणीस सात-साडेसात किलो मीठ लागते.

शुद्ध पाणी म्हणजे टीडीएस, म्हणजेच विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, शून्य असलेले पाणी. गावातल्या जलशुद्धीकरण केंद्राच्या कॅनमधले पाणी पिण्यासाठी चांगले असते, पण त्यात क्षार शिल्लक राहतात किंवा चवीसाठी मुद्दाम ठेवले जातात. घरगुती आरओ यंत्रांपैकी काहींमध्ये पाण्यात तांबे मिसळण्याची सोय असते. अशा यंत्राचे पाणी समुद्रपुष्पाच्या टाकीत चुकूनही जाऊ देऊ नये. साधा आरओ आणि त्यापुढे उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनची नळी, एवढी जोडणी पुरेशी आहे. बोअरचे पाणी जड असेल तर रेझिन लवकर संपते, म्हणून स्वस्त टीडीएस मीटर जवळ ठेवून दर आठवड्याला मोजावे. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर पाणी बाहेर पडते, हे मात्र टोचते. ज्या गावात एप्रिल उजाडला की टँकरची वाट पाहिली जाते, तिथे हे पाणी मोरीत सोडून देणे मला पटत नाही. आमच्याकडे ते पिंपात साठवून भांडी घासायला, अंगण शिंपायला आणि परसातल्या झाडांना वापरतो. ज्यांना ही व्यवस्था करता येणार नाही, त्यांनी हा छंद सुरू करण्याआधी शांतपणे विचार करावा.

मीठ मिसळलेले पाणी पंप लावून एक दिवस फिरू द्यावे आणि मगच मोजावे. विशिष्ट घनता १.०२५ ते १.०२६, म्हणजे हजारी ३५ इतकी क्षारता असावी. मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर हे थेंबभर पाण्यातून क्षारता दाखवणारे उपकरण वापरावे आणि ते साध्या पाण्याने न जुळवता ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणाने जुळवावे. सामू (पीएच) ८.१ ते ८.४, अल्कलिनिटी (सामू स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) ८ ते १० डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दहा लाखांत भाग) असावे. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असलेच पाहिजेत. नायट्रेट १० पीपीएमच्या आत असले म्हणजे झाले. ते अगदी शून्यावर आणण्याचा अट्टहास नको, कारण समुद्रपुष्पातल्या शैवालालाही थोडे पोषण लागते.

ऊन, थंडी आणि वीज

समुद्रपुष्पाला २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. पाणी बरेच दिवस ३० अंशांच्या आसपास राहिले, तर ते आपल्या शरीरातले शैवाल बाहेर टाकू लागते आणि पांढरे पडते. बाहेर ४५ अंश असताना हे पेलायचे कसे, हा आपल्या भागातला खरा प्रश्न आहे.

सुरुवात जागेपासून करावी. रस्त्याकडची दिवाणखान्याची खोली पाहुण्यांना टाकी दाखवायला सोयीची वाटते, परंतु पश्चिमेचे ऊन आणि तापलेला स्लॅब यांपासून दूर, घराच्या मधोमध असलेली खोली निवडावी. मातीच्या भिंतींचे जुने माजघर शिल्लक असेल, तर त्याच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. फक्त पाणी, काच, दगड व वाळू मिळून किमान तीनशे किलोचे वजन पेलणारा लोखंडी किंवा बांधीव ओटा हवा. त्यानंतर पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा बसवावा. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असल्यामुळे पंख्याने पाणी दोन ते चार अंश सहज उतरते. जुलैमध्ये मात्र हवेत दमटपणा आला की हाच पंखा फारसा उपयोगी पडत नाही, आणि ज्या खोलीत वाळ्याचा कूलर चालू आहे तिथेही त्याचा गुण कमी होतो. म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, घ्यावा. तो महाग आहे हे मला ठाऊक आहे. पण चिलर परवडत नसेल आणि खोलीही थंड ठेवता येत नसेल, तर केवळ क्लाउनफिश पाळावेत आणि समुद्रपुष्पाचा विचार सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. झाकण घट्ट लावलेली गोठवलेल्या पाण्याची बाटली टाकीत सोडणे हा अडीअडचणीचा उपाय आहे, रोजचा नाही, कारण त्याने तापमान एकदम खाली-वर होते.

पंख्याने पाणी उडते आणि मीठ मागेच राहते. समजा दोनशे लिटरच्या टाकीतून रोज चार लिटर पाणी उडाले आणि तीन दिवस लग्नाला गेल्यामुळे कोणी पाहिले नाही, तर क्षारता ३५ वरून ३७ च्या वर जाते. उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी शुद्ध गोड्या पाण्याने करावी, मिठाच्या पाण्याने कधीही नाही. काचेवर पातळीची खूण करून ठेवली की घरातल्या कोणालाही हे काम सांगता येते. पातळी पाहून आपोआप पाणी सोडणारे यंत्र बसवले तर अधिक बरे.

डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा हीटर लागतो. दोनशे लिटरला दोनशे वॅटचा हीटर पुरतो, आणि त्याला जाळी लावलेली असावी, कारण फिरते समुद्रपुष्प तापलेल्या काचेला चिकटून भाजते.

वीज जाणे हे गृहीतच धरावे. प्रवाह थांबला की पाण्यातला प्राणवायू कमी होऊ लागतो आणि पाणी जितके गरम, तितका तो आधीच कमी असतो. किमान एक वेव्हमेकर, म्हणजे टाकीत प्रवाह निर्माण करणारा पंप, इन्व्हर्टरवर असावा आणि वीज जाताच सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप जवळ असावा. व्होल्टेज फार खालीवर होत असेल, तर स्टॅबिलायझर घ्यावा. खेड्यातल्या अनेक घरांत अर्थिंग नावालाच असते. खारे पाणी आणि वीज एकत्र येणार असल्यामुळे टाकी भरण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी स्विच बसवावा, आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे ओघळलेले पाणी प्लगपर्यंत पोहोचत नाही.

फवारणी आणि मोरचूद

ही गोष्ट शहरातल्या कोणत्याही मार्गदर्शनात सापडणार नाही, म्हणून मी ती मुद्दाम वेगळी लिहीत आहे. तांब्याचा अगदी थोडा अंशही समुद्रपुष्पाला मारतो. संत्र्याच्या बागेत बोर्डो मिश्रण वापरले जाते आणि त्यात मोरचूद, म्हणजेच कॉपर सल्फेट असते. ज्या बादलीत बोर्डो कालवले, ती कितीही धुतली तरी टाकीसाठी वापरू नये. तांब्याची घागर, पितळी गडवा, पितळी तोटीत रात्रभर साचलेले पाणी, यांपैकी काहीही टाकीच्या पाण्याला लागता कामा नये. टाकीच्या बादल्या, नळ्या, मग वेगळे ठेवून त्यांवर रंगाची खूण करावी आणि घरच्यांना तिचे कारण नीट समजावून सांगावे.

कपाशीवर फवारली जाणारी बहुतेक कीटकनाशके पाण्यातल्या अपृष्ठवंशी जीवांना घातक आहेत. फवारणी करून आलेल्या माणसाने अंघोळ करून कपडे बदलल्यावरही त्या दिवशी टाकीत हात घालू नये. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणून घराशेजारी फवारणी चालू असताना खिडक्या लावून घ्याव्यात. डासांची अगरबत्ती आणि फवारे त्या खोलीत वापरू नयेत.

टाकी मुरू द्यावी

दगड, वाळू व खारे पाणी घालून टाकी सुरू केली की तिच्यात अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात बाटलीतले जिवाणू आणि अमोनियाचा थोडा स्रोत द्यावा, दर दोन-तीन दिवसांनी तपासणी करावी, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर टिकल्यानंतरच मासे आणावेत. समुद्रपुष्पासाठी याहून अधिक, किमान सहा महिने थांबावे. लोणचे घातल्या दिवशी खाता येते, पण ते मुरलेले नसते. टाकीचेही तसेच आहे. या सहा महिन्यांत आपल्यालाही एक उन्हाळा किंवा एक पावसाळा पाहायला मिळतो आणि टाकीचे तापमान दुपारी तीन वाजता व पहाटे पाच वाजता किती असते, हे वहीत लिहिलेले असते. दिवाळीनंतर सुरू केलेल्या टाकीत समुद्रपुष्प मे महिन्यात आणू नये. पाऊस स्थिरावल्यावर आणावे.

प्रकाशासाठी रीफ (प्रवाळांच्या) टाकीचा निळा-पांढरा एलईडी लागतो. गोड्या पाण्याच्या टाकीची ट्यूब पुरत नाही. दिवसाला आठ ते दहा तास तो टायमरवर चालवावा.

मासे आणणे आणि त्यांची जोडी

क्लाउनफिश जन्मतः मादी नसतो. गटातला सर्वांत मोठा मासा मादी होतो, त्याच्या खालचा नर होतो, आणि मादी मेली तर नर मादीत बदलतो. एकदा मादी झालेला मासा मात्र पुन्हा नर होत नाही. म्हणून जोडीसाठी एक मोठा आणि एक स्पष्टपणे लहान असे दोन कोवळे मासे घ्यावेत. दोन मोठे मासे एकत्र सोडले तर दोघेही मादी असण्याची शक्यता असते आणि भांडण जिवावर बेतते. सुरुवातीला मोठा मासा लहानाला थोडे दटावतो, लहान मासा त्याच्यापुढे अंग थरथरवतो. हे भांडण नसून मान्यता आहे. एका टाकीत दोनच क्लाउनफिश ठेवावेत आणि दोन जाती मिसळू नयेत.

आपल्याकडे मासे मुंबई किंवा चेन्नईहून पार्सलने येतात आणि पिशवीत एक दिवस काढतात. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून सामू उतरतो आणि त्यामुळे माशाने सोडलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडताच वायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्यामुळे लांबून आलेल्या माशाची पिशवी उघडून दोन-दोन तास थेंबथेंब पाणी घालत बसणे चुकीचे आहे. बंद पिशवी वीस-पंचवीस मिनिटे तरंगत ठेवून तापमान जुळवावे, पिशवीच्या पाण्याची क्षारता दुकानदाराला आधीच विचारून वेगळ्या टाकीत तेवढीच ठेवावी, आणि मासा लगेच त्यात सोडावा. या वेगळ्या टाकीत मासे किमान चार आठवडे ठेवावेत. क्लाउनफिशला ब्रुकलिनेला आणि व्हेल्व्हेट हे रोग वरचेवर होतात. पैकी व्हेल्व्हेटवर तांब्याचे औषध वापरतात, आणि तसे औषध मुख्य टाकीत पडले तर तिथे पुढे समुद्रपुष्प ठेवणे धोक्याचे होते.

समुद्रपुष्प निवडणे आणि सोडणे

माझे पहिले समुद्रपुष्प फुटलेल्या बोंडासारखे पांढरेशुभ्र होते. ते मला इतके आवडले की एका दुकानातून मी जास्त पैसे देऊन ते आणले आणि दुकानदाराने ‘दुर्मीळ रंग’ म्हणून दिले. ते सतरा दिवस जगले. पांढरा हा बबल टिपचा रंग नाही. शैवाल निघून गेलेले ते उपाशी जनावर असते. निरोगी समुद्रपुष्प तपकिरी, हिरवट, लालसर किंवा तांबूस असते, त्याचे तोंड मिटलेले असते, बाहू बोटाला किंवा चमच्याला चिकटतात आणि बूड कुठेही फाटलेले नसते. दुकानात काचेवरून खेचून काढताना बूड फाटते, म्हणून ते काढताना समोर उभे राहावे किंवा व्हिडिओ मागवावा. आकाराने ते माशाच्या दोन-तीन पट तरी असावे. लहान समुद्रपुष्पात मोठी मादी सतत घुसली तर ते उघडतच नाही.

आणण्यापूर्वी वेव्हमेकर आणि पंपाच्या ओढणाऱ्या तोंडांना स्पंज किंवा जाळी बांधावी. दुसरे समुद्रपुष्प मी याच चुकीने गमावले: रात्री ते चालत निघाले, वेव्हमेकरमध्ये ओढले गेले आणि सकाळी टाकी गढूळ झालेली होती. तापमान जुळवून समुद्रपुष्पाला मात्र तासभर थेंबथेंब पाणी देऊन क्षारता हळूहळू जुळवावी. मग दिवा मंद करून, प्रवाह बंद करून, बूड दगडाच्या कपारीकडे येईल असे ते अलगद ठेवावे. अर्ध्या-एक तासात ते धरते. पहिल्या दिवसांत ते फुगेल, आकसेल, तोंडातून तपकिरी धागे टाकेल, जागा बदलेल. चार-पाच दिवस त्याला हात लावू नये. जागा त्यानेच निवडायची असते. दिव्याची तीव्रता दोन-तीन आठवड्यांत थोडीथोडी वाढवावी. तोंड सताड उघडे पडले, शरीर लिबलिबीत होऊन विरघळू लागले आणि घाण वास आला, तर ते मेलेले आहे. तत्काळ बाहेर काढून पाणी बदलावे, अन्यथा मासेही जातात.

जोडी जमताना

समुद्रपुष्पाच्या बाहूंत डंख मारणाऱ्या पेशी असतात. क्लाउनफिशच्या अंगावरचा चिकट थर त्या पेशींना चिथावत नाही, परंतु अनेकदा मासा हळूहळू, आधी पर, मग पोट असा स्पर्श करत सराव करतो. हॅचरीत जन्मलेल्या माशाने समुद्रपुष्प कधी पाहिलेलेच नसते. त्याला ते ओळखायला काही तास लागतील किंवा काही महिने. माझी मादी अडतीस दिवस फिल्टरच्या कोपऱ्यातच झोपत होती. माशाला जाळीने धरून समुद्रपुष्पावर सोडू नये. त्याने माशाचा चिकट थर खरवडला जातो आणि दोघांनाही इजा होते. समुद्रपुष्प मासे जिथे झोपतात त्या बाजूला स्थिरावले तर काम लवकर होते, म्हणून सुरुवातीलाच ते त्या बाजूच्या कपारीत ठेवावे. एवढाच हस्तक्षेप योग्य.

समुद्रपुष्पाला आठवड्यातून एक-दोनदा त्याच्या तोंडापेक्षा लहान असा कोळंबीचा तुकडा द्यावा. भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावांतले झिंगे अधूनमधून चालतात, पण मुख्य खाद्य समुद्री असावे. मासे आत राहू लागले की ते स्वतःच घास उचलून समुद्रपुष्पाकडे नेऊ लागतात. त्यांच्या विष्ठेतून त्यातल्या शैवालाला खत मिळते आणि रात्री ते बाहूंमध्ये हालचाल करत राहतात, त्याने त्याच्याभोवतीचे पाणी खेळते राहते. दर आठवड्याला दहा टक्के, म्हणजे वीस लिटर पाणी बदलावे आणि नवे पाणी क्षारता व तापमान जुळवूनच घालावे.

जोडी स्थिरावल्यावर मासे समुद्रपुष्पालगतचा एखादा दगड तोंडाने घासून स्वच्छ करताना दिसले, तर अंडी येणार आहेत असे समजावे. नर त्यांची राखण करतो, त्यांवर परांनी वारा घालतो, आणि सहा ते दहा दिवसांनी दिवे मालवल्यावर पिल्ले बाहेर पडतात. त्या दिवसांत त्या दगडाजवळची काच पुसायची असेल तर बाहेरून फिरवायचा मॅग्नेट वापरावा, कारण मादी हाताला चावते आणि तिला त्या कामात त्रास देण्याचे काही कारण नाही.